आपले औषध, मनीचे विष

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. बारामतीतील दवाखाना बंद करून मी घरी पोहोचते न पोहोचते, तोच इंदापूर तालुक्यातील एका जुन्या रुग्णाचा फोन आला. वय ७८ वर्षे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, पत्नीच्या निधनानंतर एकटेच राहणारे आणि दम्याचा जुना त्रास असलेले हे गृहस्थ. अशा माणसाचा रात्री फोन आला की डॉक्टरच्या मनात पहिला विचार श्वासाचाच येतो. मी विचारले, "काका, दम लागतोय का?"

"मला नाही ताई, मनीला. लाळ गळतीय, पाय लटपटतायत, अंग गार पडलंय. काय करू ते सांगा."

मनी ही त्यांची मांजर. खरे म्हणजे काकूंची. काकू गेल्या त्या वर्षी काकांचे वजन चार-पाच किलोंनी उतरले होते, स्वयंपाकघरात जायलाच नको असे त्यांना वाटे. पुढे मनीसाठी दूध तापवायचे म्हणून ते सकाळी उठू लागले, तिच्यासाठी पोळी कुस्करताना दोन घास स्वतःही खाऊ लागले. त्यांची प्रकृती सावरण्यात माझ्या गोळ्यांचा वाटा किती आणि मनीचा किती, हे मी ठामपणे सांगू शकत नाही.

"काही वेगळे खाल्ले का तिने? अंगाला काही लावलेत का?" मी विचारले. ते क्षणभर थांबले.

"पिसवा झाल्या होत्या तिला. म्हणून संध्याकाळी निलगिरी चोळली मानेवर आणि पाठीवर. पंधरा-वीस थेंब असतील. औषधच ना ते? तुम्हीच सांगितली होती मला, सर्दीला."

ते खरे होते. सर्दीत रुमालावर निलगिरीचे दोन थेंब टाकून हुंगा, असे त्यांना सांगणारी मीच होते. दमेकऱ्याला उग्र वासाचा तो सल्ला आज मी देणार नाही. परंतु त्या रात्री त्याहून मोठी गोष्ट समोर उभी होती. माझ्या तोंडचा एक सहज शब्द त्यांच्या हातून त्या मुक्या जिवाच्या अंगावर जाऊन पडला होता.

माझे शिक्षण माणसांच्या वैद्यकाचे. जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार मला नाही आणि ते ज्ञानही नाही. म्हणून मी परिचयातील एका पशुवैद्यांना फोन केला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे काकांनी भांडी घासण्याच्या सौम्य द्रवसाबणाने आणि कोमट पाण्याने मनीचे अंग धुतले, पंच्याने कोरडे केले, तिला लोकरीच्या शालीत गुंडाळले आणि शेजारच्या मुलाच्या गाडीतून रात्रीच बारामतीला आणले. सलाईन, ऊब आणि सतत लक्ष यांच्या आधारे तिने दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी ती आपणहून दूध प्यायली. काकांनीही तोवर धड काही खाल्ले नव्हते.

बरी झालेली मनी घरी नेताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "मला जे औषध, ते तिला विष कसं काय?" हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे, पशुवैद्यक मित्रांकडून समजून घेऊन आणि वाचून दिलेले उत्तर आहे.

यकृतातील बंद दार

निलगिरी, लवंग, पुदिना, दालचिनी, गवती चहा, लॅव्हेंडर, टी ट्री अशा वनस्पतींतून ऊर्ध्वपातनाने काढलेल्या बाष्पनशील सुगंधी तेलांना बाजारात 'इसेन्शिअल ऑइल' म्हणतात. तिळाचे किंवा खोबऱ्याचे तेल आणि ही तेले यांत नावाखेरीज फारसे साम्य नाही. बाटलीभर तेलासाठी पोतीच्या पोती पाला लागतो. म्हणजे वनस्पतीत विरळ असलेले द्रव्य येथे कमालीचे दाट झालेले असते. फिनॉल आणि टर्पिन वर्गातील ही रसायने त्वचेतून, श्वासातून आणि पोटातून वेगाने रक्तात शिरतात.

रक्तात शिरलेले असे द्रव्य शरीराबाहेर काढण्याचे काम प्रामुख्याने यकृताचे. आपल्या भागातील वाचकांना कारखान्याचे फाटक परिचित आहे. गेटपास असल्याशिवाय तेथून माल बाहेर पडत नाही. यकृतही अशा द्रव्यांना ग्लुकुरॉनिक आम्ल नावाचे, साखरेपासून तयार झालेले एक आम्ल जोडते. हा जोड मिळाला की तेलकट द्रव्य पाण्यात विरघळू शकते आणि लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर जाते. हा गेटपास देणारी विकरे माणसाच्या यकृतात पुरेशी असतात. मांजरीच्या यकृतात मात्र त्यांतील काही महत्त्वाची विकरे फार कमी असतात किंवा नसतातच.

याचे कारण जनुकात आहे. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठातील मायकल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लॅट यांनी २००० साली दाखवून दिले की, फिनॉलसारख्या द्रव्यांना हा जोड देणाऱ्या एका प्रमुख विकराचे जनुक मांजरीत मोडलेले आहे. ते तिच्या पेशींत आहे, परंतु त्यापासून काम करणारे विकर तयार होत नाही. पुढे सिंह, वाघ, चित्ता अशा मार्जारकुळातील इतर प्राण्यांतही हेच जनुक निकामी असल्याचे आढळले. आपल्या उसात दिसणारा बिबट्याही याच कुळातला. या कुळाचा आहार पूर्वापार मांसाचा. पाला, साली, बिया यांतील कडू-उग्र द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली. न वापरलेले हत्यार लाखो वर्षांत गंजून गेले, असे शास्त्रज्ञ मानतात.

म्हणजे मनी नाजूक नव्हती, आजारीही नव्हती. जे दार काकांच्या यकृतात उघडे होते, ते तिच्या यकृतात जन्मापासून बंद होते. आत आलेले तेल बाहेर पडू शकत नव्हते आणि तेवढा वेळ ते मेंदूवर, नसांवर आणि यकृतावर परिणाम करीत राहिले.

घरातील एका अत्यंत परिचित गोळीचा धोकाही याच बंद दाराशी निगडित आहे, म्हणून येथेच सांगते. ताप आणि अंगदुखीसाठी आपण घेतो ती पॅरासिटामॉल मांजरीसाठी घातक आहे. चार किलो वजनाच्या मांजरीला ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. मांजर मलूल दिसली म्हणून अर्धी गोळी दुधात विरघळवून देणारी माणसे मला भेटली आहेत. असे कधीही करू नये.

थेंबाचा हिशेब

यकृताच्या जोडीला आणखी तीन गोष्टी मांजरीच्या विरोधात जातात.

पहिली गोष्ट वजनाची. तेलाचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. मनीचे वजन चार किलो, काकांचे साठ. वजनाच्या प्रमाणात पाहिले तर मनीच्या अंगावर गेलेले एक मिलिलिटर तेल काकांच्या अंगावर पंधरा मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे ओतल्यासारखे झाले. तेवढी निलगिरी अंगावर ओतून घ्यायला कोणीही शहाणा माणूस तयार होणार नाही. मांजरीच्या बाबतीत मात्र 'दोन-चार थेंब तर आहेत' एवढेच आपल्या मनात येते.

दुसरी गोष्ट चाटण्याची. मांजर दिवसातला मोठा वेळ स्वतःचे अंग चाटून स्वच्छ करण्यात घालवते. तिच्या खरखरीत जिभेवर अंगावरचे सारे काही येते आणि पोटात जाते. त्यामुळे मांजरीला 'केवळ बाहेरून लावायचे औषध' असे काही नसते. तिच्या पाठीवर लावलेले तेल, तिच्या पंजांना लागलेले फरशीवरचे द्रव्य, तिच्या केसांवर बसलेली हवेतली सूक्ष्म फवार, हे सगळे शेवटी तिच्या पोटातच पोहोचते.

तिसरी गोष्ट बंद खोलीची. थंडीत वृद्ध माणूस दारे-खिडक्या लावून बसतो आणि त्याच्या पायाशी मांजर बसते. त्या खोलीत तेलाचा दिवा किंवा सुगंध सोडणारे विजेचे यंत्र चालू असेल, तर ती हवा दोघेही तासन् तास घेत राहतात. या यंत्रांचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. उष्णतेने किंवा काड्यांमधून नुसता वास पसरवणारी साधने हवेत बाष्प सोडतात. पाण्यात तेल घालून धुके उडवणारी यंत्रे मात्र तेलाचे बारीक कणही हवेत फेकतात. हे कण अंगावर बसतात आणि चाटण्यातून पोटात जातात. म्हणून हा दुसरा प्रकार मांजर असलेल्या घरात अधिक धोक्याचा.

मायेच्या हातून होणारी चूक

हे आपल्याकडेच घडते असे नाही. १९९८ साली अमेरिकेतील पशुवैद्यकांनी तीन अंगोरा मांजरींची हकिगत प्रसिद्ध केली होती. पिसवांचा उपद्रव थांबावा म्हणून मालकाने त्यांचे केस काढून अंगाला टी ट्रीचे शुद्ध तेल लावले. काही तासांतच त्या लटपटू लागल्या, त्यांचे अंग गार पडले. उपचारांनंतर दोघी वाचल्या, एक दगावली.

पुढे २०१४ साली अमेरिकेतील प्राणी-विषबाधा सल्ला केंद्राकडील दहा वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००२ ते २०१२ या काळात टी ट्रीच्या दाट तेलाने बाधा झालेल्या ४४३ कुत्र्या-मांजरांची त्यात नोंद होती. त्यांपैकी १०६ मांजरी होत्या. लक्षणे बहुधा दोन ते बारा तासांत दिसू लागली आणि काहींत ती ७२ तासांपर्यंत टिकली. त्यातील एक आकडा माझ्या मनातून जात नाही. ८९ टक्के प्रकरणांत ते तेल मालकाने जाणूनबुजून, उपचार म्हणून वापरले होते. बाटली सांडली, जनावराने चोरून चाटले, अशी प्रकरणे थोडी. बाकीच्या सगळ्या हातांमागे काकांसारखीच माया होती.

म्हणून यात दोष द्यायचा तर तो 'नैसर्गिक आहे, म्हणजे निरुपद्रवी आहे' या समजुतीला द्यावा लागेल. धोतरा नैसर्गिक आहे, कण्हेर नैसर्गिक आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना हे ठाऊक होते आणि त्यांनी मुलांना त्यांपासून दूर ठेवले. सुंदर बाटलीत, फुलाच्या चित्रासह आलेल्या तेलाबाबत तेवढी सावधगिरी आपण बाळगत नाही.

आपल्या घरात काय काय असते

'आमच्याकडे असली परदेशी तेले नाहीत' असे काही वाचक म्हणतील. त्यांनी एकदा आपले कपाट, देव्हारा, मोरी आणि गोठा डोळ्यांसमोर आणावा.

कपाटात निलगिरी असते. दातदुखीसाठी लवंगेचे तेल असते. गुडघ्यांना चोळण्यासाठी गंधपुऱ्याचे तेल असते. त्यात मिथाइल सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या जवळचे द्रव्य असते आणि तेही मांजर फार सावकाश बाहेर टाकते. छातीला लावायच्या बामात कापूर, पुदिन्याचे सत्त्व आणि निलगिरी असते. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल एकत्र केले की आपोआप पातळ होणारी अमृतधारा अनेक आजीबाईंच्या बटव्यात असते; तिचे तीनही घटक मांजरीसाठी वर्ज्य. गुडघ्याला बाम चोळून मांडीवर मांजर घेणे किंवा बामाच्या हातांनी तिला कुरवाळणे टाळावे. आधी हात साबणाने धुवावेत, चोळलेला भाग कापडाने झाकावा.

देव्हाऱ्यात कापूर असतो. झाडापासून मिळालेला असो वा टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेला, त्याचे विषारीपण सारखेच. आरतीला एक वडी जाळण्यास माझा विरोध नाही. खिडकी उघडी असावी, डबी घट्ट बंद करून उंचावर ठेवावी एवढेच. मात्र डास जावेत म्हणून बंद खोलीत ताटलीभर कापूर ठेवणे किंवा विजेच्या दिव्यावर तो सतत तापवणे मांजर असलेल्या घरात करू नये.

मोरीत फिनाइल असते. पांढऱ्या फिनाइलमध्ये बहुधा पाइनचे तेल असते. काळ्या फिनाइलमध्ये डांबरापासून मिळणारी फिनॉलसारखी द्रव्ये असतात. पुसलेल्या ओल्या फरशीवरून मांजर चालते आणि मग पंजे चाटते. फरशी साध्या पाण्याने किंवा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावी. फिनाइल वापरलेच, तर साध्या पाण्याने पुन्हा पुसून फरशी पूर्ण वाळेपर्यंत मांजरीला त्या खोलीत येऊ देऊ नये.

गोठ्यात गोचिडांचे औषध असते. गायी-म्हशींसाठीच्या या औषधांत आणि कुत्र्यांसाठीच्या काही पिसवांच्या औषधांत परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी द्रव्ये असतात. मांजरीला ती फार बाधतात. तिला झटके येऊ शकतात. गायीचे औषध 'थोडेसे' मांजरीला लावणे ही आपल्या ग्रामीण भागात सहज घडणारी चूक आहे.

मग पिसवांचे करायचे काय? बारीक दातांच्या फणीने रोज केस विंचरावेत. पिसवांची अंडी आणि अळ्या मांजरीच्या अंगापेक्षा तिच्या अंथरुणात आणि फरशीच्या भेगांत अधिक असतात. म्हणून अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे, घर रोज झाडावे. औषध लागलेच तर ते मांजरीसाठीच बनवलेले आणि तिच्या वजनाप्रमाणे पशुवैद्यांनी सांगितलेले असावे.

लक्षणे आणि पहिला तास

बाधा झालेल्या मांजरीत पुढीलपैकी काही लक्षणे दिसतात: तोंडातून लाळ गळणे, उलटी, दारू प्यायल्यासारख्या झोकांड्या, मागच्या पायांतील बळ जाणे, अंग थरथरणे, कान व पंजे गार लागणे, डोळ्या-नाकांतून पाणी, खोकला, सुस्ती, झटके. मांजर कुत्र्याप्रमाणे तोंड उघडून धापा टाकू लागली, तर ती गंभीर खूण समजावी. तिच्या अंगाला किंवा तोंडाला तेलाचा वास येत असेल, तर संशयाला फारशी जागा उरत नाही. अशा वेळी पुढील क्रम ध्यानात ठेवावा.

१. मांजरीला त्या खोलीतून काढून मोकळ्या हवेत न्यावे. यंत्र किंवा दिवा बंद करून खिडक्या उघडाव्यात.

२. लगेच पशुवैद्यांना फोन करावा. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये.

३. तेल अंगावर असेल आणि मांजर शुद्धीवर असेल, तर भांड्यांचा सौम्य द्रवसाबण व कोमट पाणी वापरून अंग धुवावे. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. धुताना आपल्या हातांत मोजे असावेत. नंतर अंग पूर्ण कोरडे करून तिला उबेत ठेवावे, कारण अशा मांजरीचे तापमान लवकर उतरते. झटके येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल, तर धुण्यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.

४. उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजू नये, घशात बोट घालू नये. उलटीवाटे वर येणारे तेल फुप्फुसांत शिरले तर त्यातून होणारा न्यूमोनिया मूळ विषबाधेइतकाच घातक ठरू शकतो.

५. दूध, तूप किंवा खोबरेल पाजू नये. 'दुधाने विष उतरते' ही समजूत येथे उलटू शकते, कारण ही तेले स्निग्ध पदार्थांत विरघळतात.

६. तेलाची बाटली सोबत न्यावी. किती वाजता, किती थेंब, कोठे लावले हे कागदावर लिहून न्यावे. पशुवैद्यांसाठी ही माहिती मोलाची असते.

या विषाला उतारा असे खास औषध नाही. उपचार म्हणजे शरीराला सावरून धरणे आणि यकृताला वेळ देणे. म्हणूनच पहिला तास महत्त्वाचा. बरी दिसू लागल्यावरही यकृताची तपासणी पशुवैद्य सांगतील तेव्हा करून घ्यावी.

तालुक्याच्या ठिकाणी शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आहेत आणि १९६२ हा पशुसंवर्धन सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या जवळच्या, मांजरी तपासणाऱ्या पशुवैद्यांचा क्रमांक मात्र आजच, मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी लावून ठेवावा. रात्री साडेनऊ वाजता चष्मा शोधत तो शोधण्याची वेळ कोणावर येऊ नये.

आणि घरातील माणसे

मी माणसांची डॉक्टर असल्याने शेवटी माणसांकडे वळते. मांजरीच्या यकृतातील दार बंद असते. आपले उघडे असले तरी ते अमर्याद रुंद नाही. लहान मुलांचे तर मुळीच नाही.

कापराची वडी खडीसाखरेसारखी दिसते. नातवंडे सुटीत घरी आली असताना हे लक्षात असावे. कापूर गिळलेल्या मुलाला काही मिनिटांपासून दीड तासाच्या आत झटके येऊ शकतात. कापराच्या या धोक्यामुळेच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८० च्या दशकात चोळण्याच्या औषधांत कापराचे प्रमाण ११ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. गंधपुऱ्याच्या शुद्ध तेलाच्या एका चमच्यात सुमारे वीस-बावीस ॲस्पिरिनच्या गोळ्यांइतके सॅलिसिलेट असते. मुलासाठी तेवढे प्राणघातक ठरू शकते. चमचाभर निलगिरीनेही मूल बेशुद्ध होऊ शकते. असे काही घडल्यास येथेही तोच नियम: उलटी करवू नका, बाटली घ्या आणि रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करा.

वृद्धांसाठी दोन सूचना. दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असेल, तर सुगंधी तेलांचे यंत्र, धूप आणि उग्र उदबत्त्या यांपासून दूर राहावे; त्यांनी श्वासनलिका आकसू शकतात. सर्दीत वाफ घ्यायची तर साध्या पाण्याचीच घ्यावी आणि भांडे सांडून भाजणार नाही अशा ठिकाणी ठेवावे. आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी गंधपुऱ्याचे तेल किंवा तसा बाम वारंवार चोळण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण त्वचेतून शिरलेल्या सॅलिसिलेटमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

काळजी घेणाऱ्या मुला-सुनांसाठी आणि लेकी-जावयांसाठीही एक विनंती. पुण्या-मुंबईहून आई-वडिलांना भेटायला येताना प्रेमाने सुगंधाचे यंत्र आणण्यापूर्वी त्या घरात मांजर आहे का, कोणाला दमा आहे का, याचा विचार करावा. आणि हा लेख वाचून 'एवढी कटकट, तर मांजरच नको' असा निष्कर्ष कृपा करून काढू नये. एकट्या वृद्धाच्या घरातील मांजर म्हणजे सकाळी उठण्याचे निमित्त, बोलायला कोणीतरी आणि जेवणाला सोबत. ते काढून घेणे सोपे आहे. त्याची जागा भरणारे औषध माझ्या दवाखान्यात नाही.

गेल्या महिन्यात काकांच्या घरी जाणे झाले. निलगिरीची बाटली कपाटाच्या वरच्या कप्प्यात, डब्यात बंद होती. त्या डब्यावर त्यांनी चिकटपट्टीने कागद लावला होता आणि कारखान्याच्या नोंदवहीतल्या सवयीच्या ठसठशीत अक्षरांत लिहिले होते: 'फक्त माणसांसाठी. मनीला नाही.' मी त्यांचा रक्तदाब तपासत होते तेव्हा मनी माझ्या पिशवीचा वास घेत होती. पिशवीत बामाची एक डबी होती. मी ती पिशवी उचलून खुंटीला अडकवली.